लूत लागलेली तांबी : गल्लीतल्या सहा कुत्र्यांच्या खाजेच्या नोंदी

सांगलीत विश्रामबागेकडे माझा डब्यांचा व्यवसाय आहे. या नोंदी हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत गेले. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला लूत लागली तर काय करायचं, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून तारखांसकट उतरवून काढते आहे. औषधांची मात्रा मुद्दाम लिहिलेली नाही. ती कुत्र्याच्या वजनावर ठरते आणि डॉक्टरांनीच सांगायची असते.

६ नोव्हेंबर २०२४

फटाक्यांच्या आवाजाने आमच्या गल्लीतली कुत्री तांबी दिवाळीभर कुठेतरी लपून होती. आज सकाळी पायरीवर येऊन बसली, आणि बसल्या बसल्या नुसती खाजवतेय. मागचा पाय कानाकडे, मग कोपर दातांनी कुरतडणं, मग पोट फरशीवर घासत दोन हात पुढे सरकणं, की पुन्हा कान. भाकरी समोर ठेवली तरी तोंड लावेना. तिला खायलाही उसंत नव्हती.

जवळ जाऊन बघितलं. दोन्ही कानांच्या कडांवर राखाडी खपल्या, तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या. कोपरांवरचे आणि मागच्या टाचांवरचे केस गेलेले, कातडी जाड आणि सुरकुतलेली. पोट लालभडक, त्यावर बारीक पुरळ. पाठीवरचे केस मात्र शाबूत. अंगाला खारट, कुबट वास.

तिच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं आहे. वय अंदाजे चार वर्षं.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून केली, ती पुढे फार उपयोगाला आली. सकाळी सात ते सात वाजून दहा मिनिटं दारात बसायचं आणि ती किती वेळा खाजवते, चावते, अंग घासते ते मोजायचं. आजचा आकडा ३१.

८ ते १७ नोव्हेंबर

हे दहा दिवस फुकट गेले आणि त्याला जबाबदार मीच.

समोरच्या आक्का म्हणाल्या, करंजाचं तेल लाव, आमच्या गावी बैलांना लावतात. मी करंजाचं तेल आणलं, त्यात कापूर कुटून घातला आणि रोज संध्याकाळी फडक्याने कानांना, कोपरांना चोपडलं. तिसऱ्या दिवसापासून तेलावर रस्त्याची धूळ बसून काळा चिकट थर तयार झाला. तो ती चाटून काढायला लागली. पाचव्या दिवशी तिला जुलाब झाले आणि तिने उलटीही केली. कापूर कुत्र्याच्या पोटात जाणं धोक्याचं असतं, अगदी जिवावर बेतू शकतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ऐकून पोटात गोळा आला. तिला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं.

सकाळचे आकडे: ३१, २९, ३३, ३०. काहीही फरक नाही.

या काळात मिळालेले आणखी दोन सल्लेही लिहून ठेवते, कारण ते प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी देतंच. एक, गाडीचं जळकं ऑईल ओतायचं. दोन, गुरांचं जंताचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून पावात घालून चारायचं. ऑईलने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. गुरांच्या त्या औषधात आयव्हरमेक्टिन असतं. ते कुत्र्यांच्या खरजेवरही, म्हणजे लुतीच्याच एका प्रकारावर, डॉक्टर वापरतात, पण गुरांच्या बाटलीतली तीव्रता फार जास्त असते. अंदाजाने दिलं तर कुत्रं आंधळं होऊ शकतं, बेशुद्ध पडू शकतं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना तर खरजेची नेहमीची मात्राही सोसत नाही. हे दोन्ही मी केलं नाही.

तेल आणि कापूर: ₹१६०.

१८ नोव्हेंबर

तांबीला न घेताच डॉक्टरांकडे गेले. मोबाइलवर तिचा खाजवतानाचा व्हिडिओ आणि कानाचे फोटो दाखवले. व्हिडिओ बघून ते म्हणाले, बहुतेक खरूजच आहे, पण अंगाला हात लावल्याशिवाय औषध देणार नाही. घेऊन या.

मला वाटायचं लूत म्हणजे घाणीने होते, नाहीतर उष्णतेने. तसं नाही. डोळ्यांना न दिसणारा एक आठ पायांचा किडा असतो. त्याची मादी कातडीत बोगदा करून आत अंडी घालते आणि अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या किड्यापर्यंतचा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे मी कापूर कुटत बसले तेवढ्यात अर्धा फेरा झालासुद्धा.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी, म्हणून डबे बंद. आजच न्यायचं ठरवलं.

दोन रिक्षावाले नाही म्हणाले. शेवटी भाजीचा छोटा टेंपो मिळाला. तांबी माझ्या हातची खाते, म्हणून वाटलं उचलून ठेवेन. उचलायला गेले आणि तिने भीतीने दात लावले. मनगटावर ओरखडा उठला, रक्त आलं नाही.

इथे माझी चूक स्पष्ट आहे. कुत्रं ओळखीचं असलं तरी दुखऱ्या कातडीला हात लागल्यावर ते चावणारच. नंतर जे केलं ते आधी करायला हवं होतं: मऊ ओढणीची पट्टी तोंडाभोवती दोनदा गुंडाळून कानांमागे सैल गाठ, अंगावर जुनी चादर, आणि उचलायचं चादरीसकट.

हात लगेच नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतला, घड्याळ लावून. संध्याकाळी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घेतली. दोन्ही दंडांवर कातडीत टोचतात. पुढच्या तारखा २३ आणि २७ नोव्हेंबर आणि १८ डिसेंबर. चारही घेतल्या. लस मोफत, पण प्रत्येक वेळी अर्धा दिवस मोडतो. गल्लीतल्या कुत्र्यांना नेहमी हाताळणार असाल तर ही लस आधीच घेऊन ठेवता येते. डॉक्टरांनी मला ते सांगितलं तोवर उशीर झाला होता.

आता तांबीचं. टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांनी तिच्या कानाची कड बोटांत धरून दुमडली आणि ती कड कानावरच हलकेच चोळली. त्या क्षणी तिचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. हात काढला, पाय थांबला. पुन्हा चोळली, पुन्हा पाय चालू. तीनदा करून दाखवलं. खरूज असलेली बहुतेक कुत्री असं करतात, म्हणाले. शंभर टक्के पुरावा नाही, पण कानाच्या कडा, कोपरं, टाचा, पोट खराब आणि पाठ मात्र शाबूत, हे सगळं एकत्र आलं की संशयाला जागा फार राहत नाही.

मग ब्लेडने कोपरावरची आणि कानावरची कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. किडा सापडला नाही. मी हिरमुसले. डॉक्टर म्हणाले, ताई, या रोगात निम्म्याहून अधिक वेळा असंच होतं. किडे थोडे असतात आणि खोल असतात. सापडला तर नक्की, न सापडला तर खरूज नाही असं मुळीच नाही. अशा वेळी औषध देऊन बघणं हीच तपासणी.

मी विचारलं, खाज थांबायला स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येईल का? दोन वर्षांपूर्वी एका कुत्र्याला दिलेलं मी पाहिलं होतं, दुसऱ्या दिवशी खाज बंद झाली होती. ते नको म्हणाले. किडे जिवंत असताना नुसती खाज दाबली तर रोग आतल्या आत पसरतो, शिवाय जखमांत पू झालाय तो वाढेल.

दोन रस्ते सांगितले. ठरावीक दिवसांनी इंजेक्शन, त्यासाठी तिला दर वेळी पकडायला लागणार. किंवा चावून खायची अ‍ॅफॉक्सोलेनरची गोळी, महिन्याच्या अंतराने दोन. आजचा अनुभव ताजा होता, मी गोळी घेतली. या गोळीआधी एक प्रश्न डॉक्टर विचारतातच, कुत्र्याला कधी फिट आली आहे का? तशा कुत्र्याला ती जपून द्यावी लागते. गल्लीतल्या कुत्र्याचं हे कोणाला माहीत असणार? मी इस्त्रीवाल्या मामांना फोन लावला, ते रात्री उशिरापर्यंत जागे असतात. त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

पुवासाठी सेफॅलेक्सिनच्या कॅप्सूल, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. वजन १६.५ किलो.

निघताना डॉक्टर म्हणाले, तिच्याबरोबर झोपणाऱ्या बाकीच्या कुत्र्यांनाही एकदमच द्या. मी हो म्हटलं आणि मनात हिशेब केला, आणखी पाच कुत्री, चार हजार. ठरवलं, आधी हिचा गुण बघू. ही या सगळ्या प्रकल्पातली सगळ्यात महाग चूक.

फी ₹३००, कातडीची तपासणी ₹२५०, गोळी ₹८५०, कॅप्सूल ₹४२०, टेंपो जाऊन-येऊन ₹२४०.

२२ नोव्हेंबर

गोळी द्यायला दोन दिवस गेले. तिला वास आवडेल असं पाकिटावर लिहिलेलं. तिने हुंगली, तोंडात घेतली आणि पायरीवर ठेवून निघून गेली. चपातीत घातली, चपाती खाऊन गोळी बाजूला. आक्का मायेने वाटीभर शिरा घेऊन आल्या, गोळी त्यात लपवायला. शिऱ्यात बेदाणे! मी वाटी अक्षरशः हिसकावली, नंतर माफी मागितली. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. थोड्याशा बेदाण्यांनीही मूत्रपिंडं निकामी झालेली कुत्री आहेत. आपल्या सांगलीत बेदाणा घरोघरी असतो, प्रसादातही असतो, म्हणून हे ठळक लिहिते. आक्कांना माहीत नव्हतं, मलाही गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

जमलं ते असं. कोंबडीचं काळीज उकडून तीन तुकडे केले. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा नुसता पण तिला दिसेल असा हातात धरलेला. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसले, उलटून टाकते का बघत. राहिली पोटात.

२५ नोव्हेंबर

माझ्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला आणि कमरेला साडीच्या निऱ्या जिथे खोचतो तिथे लाल पुळ्या. रात्री झोप नाही. धाकट्या मुलीलाही पोटावर दोन-तीन. तीही तांबीला चोरून कुरवाळत होती.

घरात गोंधळ झाला. सासूबाई म्हणाल्या, आता स्वयंपाकाला हात लावू नकोस. त्यांचं बरोबर होतं, मी डबे करते. दोन दिवस पोळ्या त्यांनी आणि जाऊबाईंनी लाटल्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, कुत्र्यांच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर चावतो, पण तिथे त्याची वीण वाढत नाही. कुत्रं बरं झालं की तुमचंही जाईल. लावायला कॅलामाइन दिलं. कपडे गरम पाण्यात धुतले आणि तांबीला हाताळायला वेगळा जुना गाऊन काढला. दहा-बारा दिवसांत पुळ्या गेल्या.

३० नोव्हेंबर

गोळीला आठ दिवस झाले. आकडा २७. मी हताश होऊन डॉक्टरांना फोन केला, गोळी लागू पडली नाही का?

ते म्हणाले, किडे मेले तरी त्यांची कलेवरं आणि विष्ठा कातडीतच आहे, आणि खाज मुख्यतः त्याचीच असते. कातडी झडून नवी येईपर्यंत दोन ते चार आठवडे जातात. आकडे लिहीत राहा.

ज्यांनी आठव्या दिवशी औषध बदललं असेल त्यांच्यासाठी हे सांगते. मीही बदलणारच होते.

३ डिसेंबर

आंघोळ घालायचा प्रयत्न. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेला कुत्र्यांचा शाम्पू आणला, ₹४८०. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे असं त्यावर लिहिलंय. चार मिनिटांत तांबी फेसासकट रस्त्यावर पळाली, मग मातीत लोळली. आता आधीपेक्षा मळकी.

पुढे आंघोळ सोडून दिली. दुपारच्या उन्हात कोमट पाण्यात तोच शाम्पू कालवून, फडकं भिजवून एका वेळी एकच जागा: आज डावा कान, उद्या कोपर. फडकं तसंच धरून ठेवायचं, हळू आवाजात बोलत राहायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. हे तिने करू दिलं. पाचव्या-सहाव्या दिवशी कानावरची पहिली मोठी खपली फडक्यात आपोआप निघून आली. खाली गुलाबी, ओलसर, पण सपाट कातडी. खपली ओढून काढायची नाही, एकदा ओढली तेव्हा रक्त आलं.

माणसांचा शाम्पू, डेटॉल, फिनेल यांतलं काहीही वापरू नका. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर पोट टेकवून बसली तरी तिचं पोट लाल व्हायचं. तेव्हापासून मी पायरी नुसत्या पाण्याने धुते.

८ डिसेंबर

आकडा १२.

१७ डिसेंबर

आकडा ५. वास गेला. भाकरी बसून, शांतपणे, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. फोडणी करपली, पण तिथून हलवेना.

कॅप्सूलच्या बाबतीत कबुली: ४२ पैकी पाच चुकल्या, चुलतभावाच्या लग्नाला इस्लामपूरला गेले होते तेव्हा. डॉक्टरांनी तेवढे दिवस पुढे वाढवून दिले. कोणावर तरी सोपवून जायला हवं होतं.

१ जानेवारी २०२५

आकडा १६. आधी वाटलं मोजायला चुकले. पुन्हा दहा मिनिटं मोजलं, १७.

दुसरी गोळी २२ डिसेंबरला द्यायची होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरींत राहिली. मग म्हटलं, आता बरीच आहे, वर्ष संपल्यावर देऊ. दहा दिवस उशीर. गोळीचा असर महिनाभरच टिकतो.

पण नुसत्या उशिराने किडे हवेतून येत नाहीत. कुठून तरी आले.

३ जानेवारी

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, बाकीच्यांना दिली होती का?

३ जानेवारीची रात्र

साडेअकराला वही आणि टॉर्च घेऊन गल्लीत फिरले. सोबत समोरच्या हॉस्टेलमधली दोन मुलं. कोण कोणाजवळ झोपतं ते लिहिलं. हे काम खरं तर पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं.

इस्त्रीच्या दुकानाच्या फळीखाली, कोळशाच्या रिकाम्या पोत्यांवर तांबी, काळू आणि भुऱ्या एकमेकांच्या अंगावर. थंडीत असंच झोपणार. काळू झोपेतही कोपर चावत होता. भुऱ्याच्या कानाच्या कडांवर पांढरी पूड. मी टॉर्चच्या उजेडात त्याची कड चोळली, त्याचा मागचा पाय चालू झाला. डॉक्टरांच्या टेबलावर पाहिलेलं तेच.

पलीकडे ट्रान्सफॉर्मरच्या कट्ट्यावर शेपटी नावाची कुत्री आणि तिची चार महिन्यांची दोन पिल्लं. शेपटी खाजवत होती. ती पहाटे याच पोत्यांवर येऊन झोपते, असं मामांनी सांगितलं. दोन पिल्लांतल्या एकाच्या डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पंज्यांवरचे केस गेलेले, चष्मा घातल्यासारखं दिसत होतं. गंमत म्हणजे ते अजिबात खाजवत नव्हतं.

म्हणजे तांबीवर दीड महिना मेहनत करत होते आणि रोज रात्री ती त्याच अंथरुणावर, त्याच दोघांच्या मध्ये झोपत होती.

४ जानेवारी

चष्म्याच्या पिल्लाला टोमॅटोच्या क्रेटमधून डॉक्टरांकडे नेलं. खरवडून काचेवर घेतलं आणि या वेळी पहिल्याच नजरेत किडे दिसले. डॉक्टरांनी मलाही बघू दिलं: लांबट, सिगारेटच्या थोटकासारखं अंग, पुढच्या बाजूला आखूड पाय. हा वेगळा किडा, डेमोडेक्स. तो थोड्या प्रमाणात बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या कातडीत असतोच, आईचं दूध पिताना पहिल्या काही दिवसांत पिल्लाला मिळतो. अशक्त पिल्लात वाढतो, केस जातात, पण मधे दुसरा संसर्ग झाला नाही तर खाज नसते. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दोन्हींना आपण लूतच म्हणतो, म्हणून लोक म्हणतात, एकाला औषध लागू पडलं, दुसऱ्याला नाही.

नशिबाने गोळी दोन्हींवर चालते. पिल्लाला ती जास्त महिने द्यावी लागणार, आणि पोट भरून खायला.

फी ₹३००, तपासणी ₹२५०.

संध्याकाळी घराघरांतून फिरले. मला मागायची सवय नाही, पहिल्या दाराशी तोंडातून शब्द फुटेना. मग सुचलं, वहीच दाखवायची: ३१, २७, १२, ५ आणि पुन्हा १६. आकडे बघून माणसं ऐकून घेतात. एकोणीस घरांनी ₹२०० दिले, मामांनी ₹५००, हॉस्टेलच्या मुलांनी मिळून ₹१,२००. एका घरातून दारातच ऐकवलं, महापालिकेला कळवून उचलून न्यायला लावा. मी सांगितलं, प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. आणि तांबीला हलवलं तरी खरूज बाकीच्या पाचांत राहणारच. त्यांनी पैसे दिले नाहीत, पण जळकं ऑईल ओतायचं बोलणं थांबवलं. मला तेवढं पुरेसं होतं.

५ जानेवारी

रविवार. सहाही कुत्र्यांना एकाच सकाळी गोळी.

वजनाची काळजी होती. पिल्लांचं भाजीच्या काट्यावर झालं, पाच किलोच्या आसपास. मोठ्यांना काट्यावर कोण उभं करणार? व्हिडिओ बघून डॉक्टर म्हणाले, मोठी चारही १० ते २५ किलोंच्या गोळीत बसतात, नेमका किलो लागत नाही.

काळजाचे तीन तुकडे, प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात. दोन जण एकत्र असले की एकाची गोळी दुसरा पळवतो. तरी भुऱ्याने गोळी काळूच्या समोर थुंकली. हॉस्टेलच्या मुलाने पायाने दाबून धरली म्हणून वाचली. प्रत्येकाने गिळल्यावर वहीत वेळ लिहिली आणि फोटो काढला.

त्याच दिवशी मामांनी फळीखालची सगळी पोती काढून दिली. जाळायची होती, पण धुराने आजूबाजूच्यांना त्रास झाला असता. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माझ्या गच्चीवर उन्हात तीन आठवडे ठेवली आणि मग टाकली. हा किडा कुत्र्याच्या अंगाबाहेर कोरड्या हवेत काही दिवसांतच मरतो. पण थंड, दमट जागी जास्त टिकतो, आणि फळीखाली कायम ओल. नवं अंथरूण म्हणून जुन्या चादरी कापून तीन संच केले. दर चार दिवसांनी एक गरम पाण्यात, एक उन्हात, एक फळीखाली.

गोळ्या: तांबीची ₹८५०, बाकी पाच जणांच्या ₹३,९५०.

१४ जानेवारी

संक्रांत. तांबी ११, काळू १९, भुऱ्या १४. आता तिघांचेही मोजते. सासूबाईंनी बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्यांतली एक स्वतः होऊन तांबीसाठी काढून ठेवली.

२३ जानेवारी

तांबी ४, काळू ८, भुऱ्या ५. शेपटी दिवसा झोपायला लागली, आधी सतत फिरत असायची.

५ फेब्रुवारी

दुसरी फेरी, सहाही जण, एकही दिवस उशीर न करता. मोबाइलवर तीन वेळचा गजर आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल. पुन्हा ₹४,८००. काळजांचा आजवरचा खर्च साधारण ₹३००.

२३ फेब्रुवारी

सकाळचे आकडे: तांबी २, काळू १, भुऱ्या २, शेपटी ०. दोन-तीन वेळा खाजवणं हे कुठल्याही निरोगी कुत्र्याचं असतं, डॉक्टर म्हणाले, शून्याच्या मागे लागू नका.

तांबीच्या कोपरावर हात फिरवला. जिथे हत्तीच्या कातडीसारखं झालं होतं तिथे लव आली आहे, बाकीच्या अंगापेक्षा फिकट रंगाची, जावळासारखी मऊ. कानाच्या कडेवर एका जागी केस येणार नाहीत असं दिसतंय, तिथे मी खपली ओढली होती. कानाची कड दुमडून चोळली. ती माझ्याकडे बघत राहिली, पाय जागचा हलला नाही.

आज सहाही कुत्र्यांना डॉक्टरांनी गल्लीत येऊन रेबीजची लस टोचली, लसीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. अंगात रोग असताना ती थांबवून ठेवली होती.

हिशेब: एकूण ₹१३,१५०. गल्लीतून जमले ₹५,५००, माझे गेले ₹७,६५०. २२ नोव्हेंबरलाच सगळ्यांना गोळी दिली असती तर तांबीची एक गोळी वाचली असती, ₹८५० फक्त. पण तिला आणि काळू-भुऱ्याला सहा आठवडे जास्त खाजवावं लागलं, थंडीच्या रात्री, ते मला आजही लागतं.

चष्म्याच्या पिल्लाची पुढची गोळी ५ मार्चला, त्यानंतर पुन्हा खरवडून तपासणी. डोळ्यांभोवती काळी लव दिसायला लागली आहे. शेपटीची नसबंदी १० मार्चला ठरली आहे. आदल्या रात्री तिला उपाशी ठेवायचंय, ते काम मामांकडे.